पाळी जाताना येणारी धास्ती

(देहूतील बचत गटांच्या बायकांसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आधीच एक कबूल करून टाकते. माझं वय छत्तीस. माझी पाळी अजून चालू आहे. त्यामुळे इथे बसलेल्या मावश्यांना वाटलं असेल, ही कालची पोरगी आम्हाला पाळी जाण्याबद्दल काय सांगणार! बरोबर आहे. मी शिकवायला उभी नाही. देहू, तळवडे, निघोजे या पट्ट्यातल्या बायकांच्या गटांमध्ये मी काम करते. तिथे जे कानावर आलं आणि समाजकार्याचं शिक्षण घेताना, पुढे डॉक्टर मैत्रिणींना विचारून विचारून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवते. चुकलं तर मध्येच टोका.

हा विषय मी घेतला त्याला आणखी एक कारण आहे. माझी आई.

मी बारावीत होते तेव्हा आई बेचाळीस वर्षांची होती. अंगावरून फार जायचं. एका डॉक्टरांनी सांगितलं, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." मुलं झालेली होती, पिशवीचं आता काय काम, असं घरातही सगळ्यांना वाटलं. ऑपरेशन झालं. पिशवीबरोबर दोन्ही स्त्रीबीजकोशही काढले होते, हे आम्हाला कित्येक वर्षांनी, जुने कागद चाळताना कळलं. आईला ते कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर काही आठवड्यांतच तिचं सगळं बदललं. रात्री उठून दाराची कडी बघायची. एकदा, दोनदा, पाचदा. गॅस बंद आहे ना, परत बघायची. बाबांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की रस्त्यावर जाऊन उभी राहायची. अंगाला दरदरून घाम, थंडीतही पंखा. माझा अभ्यास चालायचा आणि मी चिडायचे. "आई, तू वेडी झालीस का?" असं मी तिला एकदा म्हटलं. ती काही बोलली नाही. आत जाऊन कणीक मळत बसली. ते वाक्य मला आजही परत घेता आलेलं नाही.

म्हणून हे भाषण जेवढं पन्नाशीच्या मावश्यांसाठी आहे, तेवढंच त्यांच्या मुलींसाठी आणि सुनांसाठीही आहे.

आता बघा, आपल्या भाषेत या गोष्टीला किती शब्द आहेत. धास्ती. घोर. हुरहूर. धाकधूक. जीव टांगणीला लागणं. पोटात कालवाकालव होणं. एक मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, काय झालंय म्हणावं तर काय बी नाय, पर जीव जाग्यावर नाय." याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आणि दवाखान्यात गेलं की या सगळ्या शब्दांचा एकच शब्द होतो, "टेन्शन". "काही नाही, टेन्शन घेता तुम्ही." जणू आपण बाजारात जाऊन पिशवी भरून टेन्शन घेऊन आलो!

तर शरीरात होतं काय? पाळी काही नळ बंद केल्यासारखी एका दिवसात थांबत नाही. स्त्रीबीजकोशांचं काम हळूहळू मंदावतं. आपल्या देशात साधारणपणे शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला पाळी जाते, पण तिच्या आधी तीन-चार वर्षं, कधी जास्तही, तिचा लपंडाव चालतो. दोन महिने येत नाही, मग पंधरा दिवसांत येते. सलग बारा महिने आली नाही, म्हणजे गेली असं धरायचं. या लपंडावाच्या काळात इस्ट्रोजेन नावाचा जो स्राव आहे, तो एकसारखा कमी होत नाही. आज खूप, उद्या थोडा, असा वरखाली होतो. हा स्राव फक्त पिशवीपुरता नसतो. झोप, मनाची घडी, अंगातली उष्णता सांभाळणारा मेंदूतला भाग, या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. म्हणून गरम वाफा येतात, छाती धडधडते, रात्री दोन-तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. आता झोप नाही, अंगात घाम, छातीत धडधड, असं असताना मनाला काय वाटणार? मन कारण शोधायला लागतं. मुलगा रात्रपाळीला गेलाय, गाडी नीट चालवत असेल ना? धडधड आधी येते आणि काळजी तिच्या मागून येऊन बसते. कधी उलटही होतं. पण ही गोष्ट नुसती ठाऊक असली तरी फरक पडतो. आमच्या गटातल्या एकीने मला सांगितलं, "मला वाटायचं, बाहेरचं काहीतरी झालंय. दोनदा उतारा टाकला. शरीराचं हाय कळल्यावर निम्मी भीती तिथंच गेली."

सगळ्याच बायकांना हे होतं असं नाही, हेही सांगायला हवं. कितीतरी जणींना काहीच त्रास होत नाही. उलट सुटल्यासारखं वाटतं. इथलीच एक आजी म्हणाली, "माझी गेली तेव्हा मी पेढे वाटायचे तेवढे राहिले. शिवाशिव संपली, पंढरीच्या वाटेला मोकळी झाले." विटाळाचं जोखड आपण मानू नये, हे आपलं म्हणणं आहेच, पण ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं ते मानून काढली, तिला ते उतरल्याचा आनंद होणार, तो खराच. पाळी जाणं म्हणजे रोग नाही. तिच्याबरोबर कुणाकुणाला जो त्रास येतो, तो मात्र खरा आहे, मनाचे खेळ नाहीत.

या त्रासाला आपल्या भागात आणखी एक बाजू आहे. या वयात बाईच्या आयुष्यात नेमकं काय काय चाललेलं असतं? जमीन विकली गेलेली असते. आलेला पैसा बंगल्यात, गाडीत, लग्नात गेला. मुलगा चाकणला कंपनीत आहे, पण कॉन्ट्रॅक्टवर. आज आहे, उद्या गेटपास बंद. मुलीला पोर होत नाही म्हणून सासरची बोलतात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवऱ्याला साखर निघाली, किंवा बाटली लागली. आणि जी बाई स्वतः लाइनवर उभी आहे, तिची वेगळीच कथा. एक जण गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधण्याच्या कामावर आहे. तिला शिफ्टमध्ये वाफा येतात. अंगात जाड एप्रन, डोक्याला टोपी, समोर घड्याळ. लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारायचं, तो पुरुष, वयाने तिच्या मुलाएवढा. अचानक जास्त रक्त गेलं तर काय, या भीतीने ती सकाळपासून पाणीच पीत नाही. तिला कुणी सांगितलं, "ताई, मन शांत ठेवा," तर ती काय म्हणेल!

देहूत बोलतेय म्हणून आठवण होते ती जिजाईची, तुकोबांच्या आवलीची. ती कजाग होती, तोंडाळ होती, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तिच्या बाजूने बघा. दुष्काळाने घर बसलेलं, घरात पोरं, आणि नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर. ती भाकरी घेऊन डोंगर चढायची, ही गोष्ट तर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरात उद्या काय शिजवायचं याचा घोर जिला होता, तिच्या घोराला नाव मिळालं कजागपणा. ती तेव्हा तरुण होती, पाळीचा इथे संबंध नाही. पण बाईच्या काळजीला स्वभावाचा दोष म्हणायची आपली सवय किती जुनी आहे, ते कळतं.

म्हणून स्वतःची मदत स्वतः करणं याचा अर्थ मी असा घेत नाही की चूक तुमची आणि दुरुस्तीही तुम्हीच करा. त्रास कशाचा आहे हे ओळखायचं, जे आपल्या हातात आहे ते करायचं, आणि जे हातात नाही त्यासाठी चारजणींनी मिळून बोलायचं, एवढाच त्याचा अर्थ.

हातात काय आहे? सगळ्यात सोपं म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. पाळीची तारीख आपल्यातल्या बऱ्याच जणी त्यावर खूण करून ठेवतातच. तिथेच आणखी दोन खुणा करायच्या. ज्या रात्री झोप मोडली त्या चौकोनात एक टिंब. ज्या दिवशी जीव फार घाबरला तिथे एक फुली. लिहिता येत नसलं तरी चालतं. दोन-तीन महिन्यांनी महिन्यांची पानं शेजारी शेजारी धरून बघा. एका ताईंच्या लक्षात आलं की त्यांच्या फुल्या बहुतेक टिंबाच्या दुसऱ्या दिवशीच येतात. म्हणजे मुळात झोपेचं बघायला हवं. दुसरीच्या फुल्या दर महिन्याच्या सात ते दहा तारखेला. का? तेव्हा गटाचा हप्ता आणि फायनान्सवाल्याचा हप्ता एकदम यायचा. तिला गोळी नको होती, हप्त्याची तारीख बदलून हवी होती. आम्ही गटाची तारीख पुढे ढकलली. शिवाय डॉक्टरकडे जाताना हे कालनिर्णय काढून न्यावं. मग "टेन्शन घेता" म्हणणं त्यांनाही जरा जड जातं.

मग श्वास. जीव घाबरतो तेव्हा आपण भराभर आणि वरवर श्वास घेतो, त्याने हातापायाला मुंग्या येतात, चक्कर येते, आणि वाटतं आता मरतोच. अशा वेळी बसायचं, पाठ टेकवायची, मनात चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेरचा लांब, हे महत्त्वाचं. पाच मिनिटं. तुम्हाला हे नवीन नाही. हरिपाठाला उभं राहून टाळ्यांच्या तालात म्हणताना बाहेरचा श्वास आपोआप लांबतो, म्हणून तिथून आल्यावर हलकं वाटतं. ते वाटण्यात श्रद्धेचा वाटा असेल तसा श्वासाचाही आहे. देहूरोडच्या ज्या विहारात बाबासाहेबांनी १९५४ साली बुद्धमूर्ती बसवली, तिथे जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींना आनापान ठाऊक आहे, तेही श्वासाकडे बघणंच. ज्यांना यातलं काही नको, त्यांनी नुसतं मोजावं. पण खोटी आशा दाखवणार नाही. मंद श्वासाने गरम वाफा कमी होतात असं पूर्वी सांगायचे. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. वाफ यायची ती येते. तिच्या पाठोपाठ येणारी घबराट मात्र कमी होऊ शकते. "आली तशी जाईल, चार-पाच मिनिटांची पाहुणी आहे," असं स्वतःला सांगता येणं ही मोठी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये मायरा हंटर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं यावरच काम केलं. वाफ आली की मनात काय विचार येतो, "सगळे माझ्याकडे बघतायत, मी आता पडणार", तो पकडायचा आणि तपासायचा. असं शिकवल्यावर बायकांना वाफांचा जाच कमी वाटतो, हे त्यांनी दाखवलं. २०२४ साली तिथल्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्येही या पद्धतीला जागा मिळाली.

आता जरा नावडतं बोलते. मिश्री. हसू नका! दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावणाऱ्या किती जणी आहेत ते मी विचारत नाही. काळजी वाटली की बोट डबीत जातं आणि क्षणभर बरं वाटतं. पण तंबाखूतलं निकोटीन छातीची धडधड वाढवतं आणि झोप उडवतं, म्हणजे ज्याला भ्यायलो तेच आपण ओढवून घेतो. एकदम सुटणार नाही. रात्रीची शेवटची वेळ आधी बंद करा, मग दुपारची. चहाचंही तसंच, संध्याकाळनंतर नको. कंपनीत रात्रपाळीला चहावरच उभं राहावं लागतं हे मला माहीत आहे, पण निदान अर्धा कप. साडी, गाऊन सुती. उशाशी पाण्याचा तांब्या आणि ओला पंचा. रोज अर्धा तास चालणं. घरातलं काम होतं की, असं म्हणू नका. घरकामात मन घरातच राहतं. नदीकाठाने दोघी-तिघींनी मिळून जा, जमेल त्यांनी सुट्टीच्या दिवशी भंडारा चढा. हाडांनाही ते लागतं, कारण पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायला लागतात. नाचणी, तीळ, दूध, डाळी पोटात जाऊ द्या. शिळंपाकं स्वतःच्या ताटात घेण्याचं व्रत आता सोडा.

आणि घोराची वेळ ठरवा. ऐकायला विचित्र वाटेल. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पंधरा मिनिटं फक्त काळजी करायची. तांदूळ निवडतो तशी निवडायची. ज्यात आपल्याला काही करता येईल ती इकडे: उद्या बँकेत जायचं, मुलीला फोन करायचा. ज्यात काही करता येत नाही ती तिकडे. रात्री तीनला तीच काळजी परत आली तर तिला म्हणायचं, तुझी वेळ उद्या संध्याकाळी. पहिले आठ दिवस ती ऐकत नाही. मग थोडी ऐकते.

घरी सांगा, हे तर मी हात जोडून सांगते. "माझी पाळी जायला लागलीय, मला रात्री झोप येत नाही, मी चिडले तर दोन मिनिटं गप्प राहा." एवढंच वाक्य. एक ताई नवऱ्याला सांगायला लाजत होत्या, त्यांनी मुलाला सांगितलं. मुलगा चोवीस वर्षांचा. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून रात्रपाळीला पोचला की मिस्ड कॉल द्यायला लागला. बाईंची तीनची जाग गेली नाही, पण जाग आल्यावरची निम्मी धडधड गेली. माझ्या आईला असं वाक्य कुणी पुरवलं नव्हतं. आणि मला ऐकायला कुणी शिकवलं नव्हतं.

घरात मारहाण असेल तर मात्र श्वास मोजू नका, आमच्याकडे या. तिथली भीती ही बाईची शहाणी भीती असते, ती घालवायची नसते, तिचं ऐकायचं असतं.

आता दवाखाना. घरच्या उपायांवर सगळं सोडून चालणार नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर तपासून घ्यायचंच. खूप अंगावरून जातंय, दम लागतोय, तर रक्त कमी झालंय का बघा. पांढऱ्या पडलेल्या बाईची छाती धडधडणारच. वजन उतरतंय, हात थरथरतात, तर थायरॉइड तपासा. छातीत दुखून हातात, जबड्यात कळ गेली, दम लागला, तर "पाळीमुळे असेल" म्हणत घरी बसू नका. दोन-दोन आठवडे कशात मन नाही, जगणं नको वाटतं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर फिरवा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, २०२२ सालापासून चालू आहे. पिंपरीच्या वायसीएममध्येही दाखवता येतं. शेजारणीला दिलेली झोपेची गोळी मात्र आपण घेऊ नये, आणि स्वतःची चालू असलेली मनाने तोडूही नये. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांबद्दल बऱ्याच जणी विचारतात. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला, कारण त्या जोडगोळीने स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढताना दिसला. तेव्हापासून भीती बसली. पुढे आकडे परत तपासले तेव्हा दिसलं की साठीच्या आतल्या, नुकतीच पाळी गेलेल्या बऱ्याच बायकांना फायदा धोक्याहून जास्त असू शकतो. म्हणजे सरसकट घ्या असंही नाही, विषासारखं टाळा असंही नाही. आपली प्रकृती, घराण्यातले आजार सांगून डॉक्टरांना नीट विचारायचं. माझ्या आईसारखे बीजकोश लवकर काढले असतील तर हा प्रश्न जरूर विचारायचा.

आणि पिशवी. ज्या मुद्द्यासाठी मी इतका वेळ बोलतेय तो हा. "पिशवी काढली की डोकं शांत होईल" या आशेवर ऑपरेशन करून घेऊ नका. धास्तीचा तो उपाय नाही. बीजकोशही गेले तर जे चार वर्षांत हळूहळू व्हायचं ते चार दिवसांत होतं, आणि पिशवी एकटी काढली तरी पाळी लवकर जाण्याची शक्यता वाढते. बीडच्या ऊसतोड बायकांचं तुम्ही ऐकलं असेल. कोयत्याला एक दिवस खाडा पडला की दंड, फडात ना संडास ना पाणी. त्यात पांढरं जाणं, रक्त जाणं, आणि वर पिशवीत गाठ आहे, कॅन्सर होईल ही घातलेली भीती. २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. देशभराच्या २०१५-१६च्या आरोग्य पाहणीत पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होतं. त्या बायकाही म्हणत होत्या, ताई, काढल्यापासून अंग दुखतं, झोप नाही, जीव घाबरतो. आपण कारखान्याच्या पट्ट्यातल्या, त्या उसाच्या फडातल्या. पण "खाडा नको" हे दोन्हीकडे सारखंच आहे. तिथे मुकादम, इथे सुपरवायझर. २०२२ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी सूचना काढल्या आणि २०२३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितलं. तेव्हा कुणी पिशवी काढायला सांगितली तर विचारायचं: कशासाठी? औषधाने होणार नाही का? बीजकोश ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करायची नाही. कधी कधी ऑपरेशन खरंच लागतं, तेव्हा जरूर करावं. पण विचारून.

एकीला हे प्रश्न विचारायला धीर होत नाही, हे मला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या गटातल्या एका ताईंना ऑपरेशनची तारीख मिळाली होती. वय एकोणचाळीस. गटातल्या तिघी तिच्याबरोबर दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. चौघी एकदम आत शिरल्या, डॉक्टर बाई आधी वैतागल्या, मग हसल्या. तपासणी झाली, रक्त फारच कमी निघालं, औषधं सुरू झाली. आज ती ताई मागे, खांबाजवळ बसली आहे. नाव सांगत नाही. पिशवी आहे तिच्याजवळ.

कंपनीतल्या ताईंसाठी आपण एक अर्ज तयार करतोय: लघवीला जायला परवानगी लागू नये, लाइनवर बाई सुपरवायझर असावी आणि पिण्याचं पाणी जवळ असावं. सह्या द्यायच्या असतील त्यांनी जाताना थांबा; सहीची भीती वाटत असेल तर आज नुसतं वाचून जा.

येत्या गुरुवारी, कंपनीतल्या बऱ्याच जणींना सुट्टी असते म्हणून, दुपारी तीनला परत बसू. आशाताई रक्तदाब बघायचं मशीन आणणार आहेत. तुम्ही आपापलं कालनिर्णय आणा. भिंतीवरून काढायला घरचे का म्हणाले, तर सांगा, हिशेब करायचाय.